खात्यापित्या घरचे लक्षण?

पोट सुटणे हे आपल्याकडे फार काळ खात्यापित्या घरचे लक्षण मानले गेले. दुष्काळ आणि टंचाई यांच्या आठवणी ज्या समाजाच्या हाडीमांसी खिळलेल्या आहेत, त्याला भरलेले अंग हे भाग्याचे चिन्ह वाटावे यात नवल नाही. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने दाखविलेले चित्र भाग्याचे खासच नव्हे. १५ ते ४९ या वयोगटातील शहरी स्त्रियांपैकी सुमारे ३३ टक्के आणि शहरी पुरुषांपैकी सुमारे ३० टक्के अतिवजनाच्या वा लठ्ठपणाच्या वर्गात मोडतात. सर्व देशाचा विचार केला, तर हे प्रमाण २०१५-१६ मध्ये स्त्रियांत २०.६ टक्के होते. ते पाच वर्षांत २४ टक्क्यांवर गेले.

हे आकडे चिंताजनक आहेतच. पण ते पूर्ण सत्यही सांगत नाहीत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांची तुलना २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. उंची व वजन यांचे गुणोत्तर दोघांचेही सारखेच, २२ च्या आसपास, म्हणजे निर्दोष. तरीही युडकिन यांच्या शरीरात चरबी ९ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१ टक्के! भारतीय माणूस काट्यावर सडपातळ ठरूनही आतून स्थूल असू शकतो, असा याचा अर्थ. म्हणून आपल्यासाठी अतिवजनाची सीमा २५ ऐवजी २३ मानावी आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे भारतीय तज्ज्ञांनी ठरविले आहे. हृदयविकाराबाबतच्या बावन्न देशांच्या अभ्यासातून २००७ मध्ये निघालेला निष्कर्षही याच्याशी सुसंगत आहे. दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका सरासरीने वयाच्या ५३ व्या वर्षी येतो; इतरत्र तो पाच-सहा वर्षे उशिरा येतो. मुलांची शिक्षणे आणि घराचे हप्ते अजून चालू असतात, तेव्हाच कर्ता माणूस खाटेला खिळतो.

हा दोष कुठून आला? पुणे जिल्ह्यातील खेड्यांत गर्भवती मातांचा जो दीर्घ अभ्यास झाला, त्यात या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग सापडतो. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपल्या बालकांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. आईच्या पोटात ज्याने टंचाई सोसली, ते शरीर पुढे सुबत्तेत आले की साखर आणि चरबी यांचा भार त्याला पेलवत नाही. पाच वर्षांखालील ३५ टक्के मुलांची वाढ खुंटलेल्या महाराष्ट्रात कुपोषण आणि लठ्ठपणा हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. कालची आईची उपासमार आणि आजचे लेकाचे सुटलेले पोट या एकाच कहाणीच्या दोन बाजू आहेत.

त्यात शहराने आपली भर घातली. मराठी माणसाची ज्वारी-बाजरीची भाकरी मागे पडली, कारण स्वस्त धान्य दुकानात त्याला मुख्यतः गहू-तांदूळच मिळाला. आणि भाकरी थापायला लागणारा निवांतपणा दोघेही नोकरी करणाऱ्या घरात उरला नाही. सकाळी सातची लोकल गाठणाऱ्याची न्याहारी स्थानकाबाहेरच्या वडापाववर होते, ती चवीपेक्षा नाइलाजाने. चालणेही संपले. लंडनमधील बसचालक आणि कंडक्टर यांची तुलना करून जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले होते, की दिवसभर बसून असणाऱ्या चालकांना हृदयविकार अधिक होतो आणि जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी. आपल्या शहरांनी पदपथ फेरीवाले आणि मोटारी यांच्या हवाली करून सर्वांनाच बसचालक करून टाकले आहे.

‘काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न,’ असा युक्तिवाद यावर हमखास केला जातो. जिभेवर ताबा हवा, हे कोणीही मान्य करील. तथापि निवड करण्यासाठी माहिती लागते, पर्याय लागतो आणि परवडणारी किंमत लागते. आणि या तिन्ही गोष्टी सरकारच्या धोरणावर अवलंबून असतात. त्या धोरणात सुसंगती कितपत आहे? २०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करा, असे आवाहन केले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बिस्किटे व चॉकलेटे यांवरील वस्तू व सेवा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आणि पाकीटबंद फरसाणावरील १२ वरून ५ टक्क्यांवर आला. संयमाचा उपदेश नागरिकाला आणि सवलत पाकिटाला, असा हा न्याय झाला!

वेष्टनावरील इशाऱ्याचेही तेच. चिली या देशाने २०१६ पासून जादा साखर, मीठ वा चरबी असलेल्या पदार्थांवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले. अक्षरओळख नसलेल्यालाही ते कळतात. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ च्या मसुद्यात मात्र तारांकनाची पद्धत सुचविली. तीत थोडी प्रथिने वा तंतुमय घटक घालून साखरेचा दोष झाकता येतो. तारा हा शाबासकीचा असतो. धोक्याच्या ठिकाणी लाल दिवा लावावा लागतो. शाळेच्या आवारापासून ५० मीटरपर्यंत असे पदार्थ विकण्यास मनाई करणारे नियमही २०२० मध्येच झाले; पण शाळेच्या फाटकाबाहेर ते शोधावे लागतात.

हे चक्र उलटे फिरविता येते, याचा पुरावा जगासमोर आहे. फिनलंडच्या उत्तर कॅरेलिया प्रांतात १९७२ साली हृदयविकाराविरुद्ध मोहीम सुरू झाली. डॉक्टर, गृहिणी, दुग्धउत्पादक आणि सरकार असे सारे तीत उतरले. पुढच्या चार दशकांत कमावत्या वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. तेथील माणसे एकाएकी विरक्त झाली नव्हती. त्यांच्या ताटात काय येते, याची जबाबदारी समाजाने घेतली होती.

रेशनवर ज्वारी-बाजरी, पाकिटावर स्पष्ट इशारा, चालण्याजोगे पदपथ आणि गर्भवतीच्या ताटात पुरेसे अन्न या मागण्या अवास्तव नाहीत. नवी रुग्णालये उभारण्यापेक्षा त्या स्वस्तच पडतील. छातीत कळ आल्यावर माणसाला रुग्णालयात नेणे हे नातेवाइकांचे काम आहे. ती वेळ इतक्या लवकर येऊ नये हे पाहणे राज्यकर्त्यांचे आहे.