बाळाचा कान

बारशाच्या दिवशीं आत्याबाई पाळण्याशीं वांकून बाळाच्या कानांत 'कुर्र' करतात, तेव्हां त्या कानाची शाळा सुरू झाली असें आपण समजतों. वास्तविक ती जन्मापूर्वीं दोन-तीन महिने आधींच भरलेली असते. परक्या स्त्रीच्या आवाजांतून आईचा आवाज अवघ्या कांहीं दिवसांचें मूल निवडून काढतें, हें 1980 सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखविलें.

कानांत ध्वनि पडला कीं मेंदूंत विजेची अतिसूक्ष्म लहर उठते. निजलेल्या बाळाच्या मस्तकास चकत्या चिकटवून ती मोजतां येते. बाळाची झोंपही मोडत नाहीं. सेकंदाचे हजार भाग कल्पिले, तर मेंदूच्या वरच्या थरांतील पहिली ठळक लहर नवजात मुलांत सुमारें 300 व्या भागाला येते, प्रौढांत सुमारें 60 व्या. मज्जातंतूंवर स्निग्ध वेष्टण चढत जातें तसतशी ही वाट जलद होते. मेंदूच्या बुंध्यापर्यंतची वाट दोन-तीन वर्षांत जवळजवळ तयार होते. वरच्या थराचें काम मात्र विशीच्या उंबरठ्यापर्यंत चालतें.

वाढीबरोबर कांहीं गमावलेंही जातें. इंग्रजी घरांतील सहा-आठ महिन्यांचीं मुलें हिंदींतील 'त' आणि 'ट' यांतील भेद ओळखतात, वर्षाचीं होतां होतां तो बहुतेकांना ओळखूं येत नाहींसा होतो, असें कॅनडांतील एका प्रयोगांत 1984 सालीं आढळलें. 'तुम'चें 'टुम' करणाऱ्या साहेबाला आपण उगाच हंसत होतों!

आपल्या नाशकांत 1921 सालीं जन्मलेले दत्तात्रेय विष्णु पलुसकर वडील निवर्तले तेव्हां, 1931 सालीं, दहा वर्षांचे होते. चौदाव्या वर्षीं ते जालंदरच्या हरवल्लभ मेळ्यांत गायले. पुढील तालीम विनायकराव पटवर्धनांसारख्या गुरुजनांनीं दिली. पण कान घरींच तयार झाला असावा, असें मला आपलें वाटतें.

ज्याच्या कानांत कांहींच शिरत नाहीं, त्याचें काय? जन्मतः बहिऱ्या मुलाच्या अंतःकर्णांत यंत्र बसवितां येतें. साडेतीन वर्षांच्या आंत बसविल्यास मेंदूची लहर बहुधा वयाला साजेशी होते. सातव्या वर्षानंतर क्वचितच, कारण रिकामा राहिलेला तो भाग दृष्टि आणि स्पर्श आपल्याकडे ओढूं लागतात. म्हणून पहिल्या महिन्यांत चांचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाय, असा तज्ज्ञांचा दंडक आहे.

पंचवटींतील आमच्या एका आप्तांकडे नातू दोन वर्षांचा झाला तरी बोलेना. आजी म्हणत, "याचा बापही उशिरांच बोलला. आणि मिरवणुकीचा ढोल वाजला कीं हा दचकतोच कीं!" नाशिकचा ढोल छातीला ऐकूं येतो, कानाची त्याला गरज नसते, हें कोणाच्या ध्यानींच आलें नाहीं. सूनबाईंनीं मात्र एके दिवशीं पाठीमागून हलकेच हांक मारून पाहिली, आणि दुसऱ्याच दिवशीं त्याला घेऊन दवाखाना गांठला. तिसरें वर्ष सरण्यापूर्वीं यंत्र बसलें. परवां आम्हीं गेलों, तेव्हां स्वारी माजघरांतून ओरडून विचारीत होती, "कोण आलं?"