पैसेवारी पिकाची आणि पोरांची



वावरात बोंड नाही आणि कागदावर पैसेवारी पन्नासच्या वर, हा खेळ आपण जन्मभर पाहिला. पोरांच्या शिक्षणातही तोच झाला. करोनामुळे 2021 साली दहावीची परीक्षाच झाली नाही, आणि राज्याचा निकाल लागला 99.95 टक्के!

मार्च 2020 मध्ये शाळांना कुलूप लागले. गावातले पहिली ते चौथीचे वर्ग भरायला डिसेंबर 2021 उजाडला. तोवर शिक्षण मोबाईलवर चालू आहे, असे सांगितले गेले. मोबाईल कोणाचा? साधा फोन सात-आठ हजारांचा. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 5550 रुपये, तोही खरेदी केंद्रापुढे गाड्यांची रांग लावून. म्हणजे दीड क्विंटल कापूस फोनला गेला, रिचार्ज वेगळा. शाळेचा खर्च सरकारने गुपचूप बापाच्या नावे मांडला. घरात फोन एक, पोरे तीन. बाप फोन घेऊन वावरात गेला की शाळा सुटली. पोरगी आईबरोबर वेचणीला लागली, तिची हजेरी कोणी घेतली नाही.

गुरुजींना बोल लावणे सोपे आहे. त्यांना नाक्यावरच्या पहाऱ्याला आणि घरोघरच्या तपासणीला सरकारनेच जुंपले होते. तरीही काहींनी पारावर, ओसरीवर पोरे जमवून शिकवले. जे थोडेफार टिकले ते त्यांच्यामुळे.

‘असर’च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातली, दुसरीचे पुस्तक वाचू शकणारी तिसरीतली मुले 2018 साली 27.3 टक्के होती. 2022 साली 20.5 टक्के उरली. 2024 साली आकडा पुन्हा 27 वर आला, पण तो नव्या तिसरीचा. मधली पोरे न वाचताच वरच्या वर्गात ढकलली गेली. शहरातल्या बापाने शिकवणी लावून भरपाई केली. कोरडवाहूवाल्याने ती कशातून करायची?

वर 2023 साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. गावची शाळा गेली की पोरींचे शिक्षण आधी सुटेल.

म्हणून प्रत्येक गावाने ग्रामसभेत ठराव करावा. शाळा व्यवस्थापन समितीने पाचवीपासून वरच्या प्रत्येक पोराला सर्वांसमक्ष एक पान वाचायला लावावे. ज्याला येत नाही त्याच्यासाठी जादा वर्ग आणि जादा शिक्षक सरकारने द्यावा. ही भीक नव्हे, थकलेली बाकी आहे. पोरांची पैसेवारी तलाठ्यावर सोडू नका; गावाने स्वतः काढावी.