स्टेपनी परत द्या!

मोटारीचे पाचवे चाक ही कंपनीची मेहेरबानी नव्हे. गाडीची पूर्ण किंमत मोजणाऱ्याचा तो हक्क आहे, आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये एका अधिसूचनेने तो काढून घेतला. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच दिला, की स्टेपनी देण्याचे बंधन उरत नाही! जागा वाचेल, विजेच्या गाडीत मोठी बॅटरी बसेल, असे समर्थन झाले. वाचलेल्या जागेचा लाभ कंपनीला झाला. धोका मात्र रस्त्यात अडकणाऱ्या कुटुंबाच्या माथी मारला गेला.

हा संच आहे तरी काय? चिकट द्रवाची बाटली आणि बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा कंप्रेसर. टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागात खिळा घुसला, भोक बारीक असले आणि बाटलीची मुदत संपलेली नसली, तर पंक्चरवाल्यापर्यंत गाडी पोहोचते. पण आमच्या रस्त्यांवर टायर केवळ खिळ्याने फुटतो काय? मुंबई–गोवा महामार्गावर पावसाळ्यात गाडी हाकणाऱ्या कोणालाही विचारा. खड्ड्याची धारदार कड टायरची बाजू चिरते, रिम वाकवते. चिरलेल्या साइडवॉलवर तो द्रव चालत नाही. वाकलेल्या रिममधून हवा कंप्रेसर भरील तितकी निसटते. दाब सांगणारी यंत्रणा हवा गेल्याची वर्दी देते. ती तर स्टिअरिंग ओढू लागले की चालकाला कळतेच!

लहान गाडीवर हा अन्याय दुप्पट आहे. बारा इंची चाक मोठ्या चाकापेक्षा खड्ड्यात खोल उतरते आणि अधिक जोराने आपटते. त्यात एमजी कॉमेटसारख्या गाडीचा टायर १४५/७० आर १२, म्हणजे तेच बारा इंची चाक. आणि गाडीत स्टेपनी नाही. रात्री माणगाव-महाडच्या दरम्यान टायर फाटला, पाऊस कोसळतो आहे, मागच्या सीटवर म्हातारी आई आहे. अशा वेळी माणसाने काय करावे? टोइंगची गाडी येईपर्यंत ट्रकांच्या वर्दळीत कडेला उभे राहावे? दिल्लीत अधिसूचनेवर सही करणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे!

स्टेपनीला जागा नाही, ती परवडत नाही, हे आम्हाला सांगू नका. २००९ साली एक लाखाच्या बोलीवर बाजारात आलेल्या टाटा नॅनोत स्टेपनी होती. इंजिन मागे, म्हणून ती पुढच्या बॉनेटखाली बसवली. एकेक रुपया वाचवण्यासाठी चाकाला चारऐवजी तीनच बोल्ट दिले, पण पाचवे चाक वगळले नाही. काटकसर कुठे थांबवायची, हे त्या अभियंत्यांना कळत होते. नॅनोच्या कित्येक पट किमतीच्या गाड्या विकणाऱ्यांना ते कळू नये?

मात्र नॅनोवाल्यांचीही आज उपेक्षाच चालली आहे. पुढे १३५/७० आर १२, मागे १५५/६५ आर १२, अशी दोन निरनिराळी मापे. बोल्टच तीन, त्यामुळे शेजारच्या गाडीचे चाक मागून आणावे तर तेही बसत नाही. उत्पादन बंद होऊन वर्षे लोटली. ज्याने आयुष्यभराच्या बचतीतून ती घेतली, त्याने एका टायरसाठी जिल्हाभर वणवण का करावी? गाडी बाजारात आणताना ढोल बडवणारे उद्योग गाडी बंद करताना ग्राहकाला वाऱ्यावर सोडतात आणि सरकार डोळे मिटून बसते, हा उघड विश्वासघात आहे!

आमची मागणी स्पष्ट आहे. २०२० ची ती सवलत रद्द करा. ते होईपर्यंत, ज्या गाडीच्या मापाचा टायर प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी तयार मिळत नाही, ती स्टेपनीशिवाय विकण्यास बंदी घाला. शोरूममध्ये किमतीच्या फलकावरच ‘या गाडीत स्टेपनी नाही’ असे ठळक अक्षरांत लिहिणे सक्तीचे करा. आणि एखादे मॉडेल बंद झाले तरी पुढची किमान पंधरा वर्षे त्याच्या मापाचे टायर आणि रिम पुरवण्याची कायदेशीर जबाबदारी कंपनीवर टाका. ती टाळणाऱ्या कंपनीच्या नव्या गाडीला मंजुरी देऊ नका.