प्रत आपल्या कपाटात हवी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालीच्या बाजारपेठेत एक सल्लागार सध्या व्यापाऱ्यांना पटवत आहेत की हिशेब क्लाउडवर चढवले म्हणजे आपत्तीची चिंता मिटली. दुकान बुडो की जळो, माहिती मुंबईच्या सर्व्हरवर सुखरूप. वह्या आणि पेनड्राइव्ह जुनाट. आणि दरमहा पैसे भरतो म्हणजे जबाबदारी कंपनीची.

जबाबदारी कंपनीची? मायक्रोसॉफ्टचा सेवाकरारच ग्राहकाला सांगतो की स्वतःची प्रत नियमित काढून ठेवा. जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने हिशेब जपायचे असतात, आणि अधिकारी ते दुकानदाराकडेच मागतो. करार न वाचता हमी वाटणं फार सोपं आहे.

सुखरूप म्हणावं, तर 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं. वेगळी प्रत न ठेवलेल्या अनेक ग्राहकांची माहिती कायमची गेली.

पण माझा संताप वेगळ्याच गोष्टीवर आहे. माहिती कुठेतरी शाबूत असणं आणि ती वेळेला हाताशी लागणं, हे दोन्ही या सल्लागारांना एकच वाटतं. रत्नागिरी जिल्ह्यात राहून हे वाटावं? 3 जून 2020 ला निसर्ग वादळानं दापोली-मंडणगडकडचे विजेचे खांब आडवे केले. कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली. वीज गेली, मोबाइलचं नेटवर्कही गेलं. मुंबईतला सर्व्हर तेव्हा खुशाल चालू असेल, पण चिखल उपसणाऱ्या दुकानदाराला त्याचा काय उपयोग? पासवर्ड आठवला तरी ओटीपी यायचा तो मोबाइल गल्ल्यासकट पाण्यात. नवं सिम घ्यायला ओळखीचा पुरावा हवा, तोही दुकानातल्या कपाटात भिजलेला. त्यात विम्याचा सर्व्हेअर मालाची यादी मागणार, आणि उधारी कोणाकडे किती हे कोणालाच सांगता येणार नाही. पालीत वाशिष्ठी येणार नाही हे मान्य, पण लाइट आणि नेटवर्क जायला पूर कशाला लागतो?

हा वाद कोकणाला नवा नाही. नळपाणी योजना आल्या तेव्हाही विहिरी बुजवायला सांगणारे होते, आणि विहीर राखणारा मागासलेला ठरत होता. ज्यांनी तेव्हा ऐकलं, ते मे महिन्यात टँकरची वाट बघतात.

क्लाउड सोडा असं मी म्हणत नाही. वह्या भिजल्या की त्याचाच आधार. मात्र दर आठवड्याला हिशेबाची पूर्ण फाइल दोन हार्ड डिस्कवर उतरवावी. एक दुकानात, दुसरी दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. खात्याला घरातल्या आणखी एकाचा नंबर जोडावा. उधारीची यादी कागदावर छापून घरी ठेवावी. आणि आगोटीच्या कामांबरोबर, मिरगाच्या आधी, त्या डिस्क दुसऱ्याच्या संगणकाला लावून फाइल उघडते का आणि शिल्लक जुळते का, हे मालकानं स्वतः बसून बघावं.