यंत्रास मुभा, खेळास मज्जाव

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कंपू नावाची वस्ती आहे. हे नाव आम्हां गोमंतकीयांस अगदीच परके वाटू नये. पोर्तुगीज 'कांपो', म्हणजे मैदान किंवा छावणी, हे त्याचे मूळ असल्याचे कोशकार सांगतात. महादजी शिंद्यांनी १७८४ पासून डी बॉइनकडून ज्या कवायती पलटणी उभारून घेतल्या, त्यांना लोक कंपू म्हणू लागले. परक्याची विद्या घ्यावी, किल्ल्या मात्र आपल्या कमरेला असाव्यात, असा हा बेत होता. १८०३ साली डी बॉइनचा उत्तराधिकारी पेरॉन इंग्रजांच्या आश्रयास गेला, तेव्हा किल्ल्या खरोखर कोणापाशी होत्या, हे दौलतरावांना उमगले.

व्हिडिओ खेळांच्या विदेशी यंत्रांशी चीनने जो व्यवहार चालविला आहे, तो पाहून आम्हांस या कंपूची आठवण होते. चीनने किल्ल्या क्षणभरही हातच्या जाऊ दिल्या नाहीत. पण ज्या मुलांच्या नावाने हा सारा बंदोबस्त झाला, त्यांचे त्यात काय साधले?

जून २००० मध्ये मुलांच्या मनावर दुष्परिणाम होतो म्हणून या यंत्रांच्या विक्रीवर बंदी आली. मुलांचे खेळणे काही थांबले नाही. ती संगणकाकडे आणि नेट-कॅफेंकडे वळली. जून २००२ मध्ये बीजिंगमधील लान्जीसू या विनापरवाना नेट-कॅफेला किशोरवयीन मुलांनी भांडणाच्या रागातून आग लावली आणि पंचवीस जीव गेले, त्यांत बहुसंख्य विद्यार्थी. या दुर्घटनेचे खापर यंत्रबंदीवर फोडणे अन्यायाचे होईल. परंतु एक दार लावले म्हणजे मूल घरी बसते, ही समजूत तरी त्या आगीनंतर टिकू नये.

विदेशी कारखानदारांनी नाना वाटा शोधून पाहिल्या. निन्टेन्डोने २००३ साली स्थानिक भागीदारीत 'आयक्यू' नावाने, हातात धरायच्या नियंत्रकातच सारे यंत्र सामावून, बाजारात पाऊल टाकले. शांघायच्या मुक्त व्यापार क्षेत्रापुरती बंदी २०१४ मध्ये उठली, जुलै २०१५ मध्ये देशभर. मायक्रोसॉफ्टचे यंत्र सप्टेंबर २०१४ मध्ये आले, सोनीचे मार्च २०१५ मध्ये. दोघांनाही शांघायचा भागीदार घ्यावा लागला. यंत्र आले, पण प्रत्येक खेळाला स्वतंत्र परवाना हवाच! डिसेंबर २०१९ मध्ये टेन्सेंटच्या हातून निन्टेन्डोचे 'स्विच' दुकानांत आले, तेव्हा त्याच्यासाठी मंजूर झालेला खेळ होता अवघा एक. भांडे आणावे आणि शिधा शितांनी मोजून घ्यावा, तशातली गत.

मग गिऱ्हाईक काय करणार? ते चोरवाटेने आलेले यंत्र घेते, ज्यावर जगातले सारे खेळ चालतात. मुक्तीपूर्व गोव्यातून विलायती घड्याळे सीमेपलीकडे कशी जात, हे ज्यांना आठवते त्यांना यात नवल वाटणार नाही. अधिकृत माल तेथे आपल्याच चोरट्या भावंडाशी हरतो. 'स्विच'चे चीनमधील विक्रीकेंद्र व जाळेसेवा २०२६ मध्ये गुंडाळण्यात येतील, असे टेन्सेंटने नोव्हेंबर २०२४ मध्येच जाहीर केले होते.

या बंदीच्या काळात चिनी कंपन्या मात्र संगणक व मोबाइलवरील खेळांत गबर झाल्या, हे मान्य केलेच पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील एका कंपनीचा वानरराजाच्या कथेवरचा 'वुकाँग' जगभर गाजला, आणि गंमत अशी की तो जपानी सोनीच्या यंत्रावरही खेळला गेला. धोरणाचे हे यश म्हणावे, तर मुलांचे काय? ऑगस्ट २०२१ मध्ये अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच तास ऑनलाइन खेळास देण्यात आला. एकवीस वर्षांपूर्वी ज्या चिंतेने दार लावले, तीच चिंता दुसऱ्या दाराशी पुन्हा उभी.

आपल्याकडे यंत्रांवर बंदी नाही. तरी सोनीचे पाचवे यंत्र जगात नोव्हेंबर २०२० मध्ये आले आणि भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बापाचा हात धरून यंत्राची किंमत विचारणाऱ्या मुलाला रात्री किती वेळ खेळू द्यायचे, हे तूर्त त्याचे आईबापच ठरवितात; ते त्यांच्याचकडे राहावे, असे आमचे मत आहे.