कुशीवरचें पोहणें

पाण्याशीं ज्यांचा जन्माचा शेजार, त्यांनाच पोहतां येऊं नये, यासारखें नवल नाहीं. वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम चपराळ्याच्या बाजूस होतो आणि त्यांची झालेली प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. अशा नद्यांच्या कांठीं आमचे चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे वसले आहेत. नावाड्याचें पोर येथें पाण्यांतच वाढतें. आमच्या घरांतील पदवीधर मात्र मार्कंड्याच्या यात्रेंत गुडघाभर पाण्यापुढें पाऊल टाकीत नाहीं! मुलींची गोष्ट तर बोलावयासच नको.

आमच्या पुतणीनें पोहणें शिकण्याची गोष्ट काढली, तेव्हां मातोश्रींनीं ‘पाण्याशीं थट्टा नको’ म्हणून ती दोन वर्षें अडवून धरली. पुढें २३ जानेवारी २०२४ रोजीं चामोर्शी तालुक्यांत वैनगंगेंत डोंगा उलटला, आणि मिरची तोडावयास निघालेल्या सहा मजूर स्त्रिया प्राणांस मुकल्या. तें वर्तमान ऐकून मातोश्री बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनींच नातीला विचारलें, “शिकवणीचे पैसे किती पडतात ग?”

तिच्या सोबतीस म्हणून पन्नाशी उलटलेले आम्हीही तलावांत उतरलों. लहानपणीं कशीबशी साधलेली हातपाय आपटण्याची विद्या दहाबारा हातांतच दम काढूं लागली. तेव्हां शिक्षकानें अमेरिकन आरमाराच्या ‘सील’ पथकांतील तऱ्हा दाखविली. त्या पथकाच्या चांचणींत ५०० यार्ड, म्हणजे सुमारें ४५७ मीटर, अंतर साडेबारा मिनिटांत कुशीवर किंवा छातीवर पोहून तोडावें लागतें. पाणी उडूं नये, शत्रूस दिसूं नये, आणि कांठाला लागल्यावर अंगांत बळ उरावें, हा हेतु. आम्हांस शत्रूचें भय नाहीं, दमाचें आहे.

देह लांब करून दोन्ही हात डोक्यापुढें ताणावे. आधीं वरच्या हातानें मांडीपर्यंत पाणी ओढावें. त्या ओढीसरशी अंग कुशीवर वळून तोंड वर येतें, तेवढ्यांत श्वास घ्यावा. मग खालच्या हातानें ओढावें, आणि दोन्ही हात पाण्याखालूनच पुढें न्यावे. ते पुढें जात असतां पाय कात्रीसारखे फांकून, वरचा पुढें व खालचा मागें, जोरानें मिटावे. यानंतरचें काम सर्वांत कठीण, तें म्हणजे कांहींच न करणें! त्या झटक्यानें देह सरकेल तितका सरकूं द्यावा. नवख्यास हात थांबला कीं बुडालोंसें वाटतें, म्हणून तो घाई करतो. आणि वेग दुप्पट झाला कीं पाण्याचा विरोध सुमारें चौपट होतो. हें कोष्टक आम्हांस कागदावर लगेच पटलें, पाण्यांत उतरावयास मात्र तीन आठवडे लागले. पुतणीला पांचव्या दिवशींच साधलें.

तलावांतील विद्या नदींत जशीच्या तशी चालत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. गोसीखुर्दचे दरवाजे उघडले म्हणजे वैनगंगा चढते. भिजलेलें लुगडें पायांना वेढतें, मग कात्री कोठली? म्हणून आधीं उताणें तरंगणें, मग ही तऱ्हा. आणि डोंग्यांत बसतांना तरंगण्याचें जाकीट अंगावर हवेंच, पोहणाऱ्याच्याही. पुतणीला शिक्षकानें एकदां मुद्दाम साडी नेसवून पाण्यांत उतरविलें. त्या दिवशीं मातोश्री कांठावर टॉवेल घेऊन बसल्या होत्या. घरीं येतांना म्हणाल्या, “सुनांनाहि घेऊन जा.” सोमवारपासून दोघीही जात आहेत.