नागीण, हर्पिस आणि दांपत्याचा विश्वास

नांदेड-लातूरकडे काय किंवा पुण्या-मुंबईस काय, कमरेवर वा छातीवर फोडांचा पट्टा उठला, कीं घरांतील वडील मंडळी 'नागीण झाली' असें म्हणतात. डॉक्टर तिला 'हर्पिस झोस्टर' म्हणतात. पुढें कोणाच्या गुह्यांगावर फोड येऊन डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतें 'हर्पिस' लिहिलेलें दिसलें, तर दोन्ही रोग एकच समजण्याची चूक सहज होते. नागीण म्हणजे पूर्वीं येऊन गेलेल्या कांजिण्यांच्याच विषाणूचें पुन्हां डोकें वर काढणें होय. दुसरा 'हर्पिस सिंप्लेक्स' सर्वस्वीं निराळा. तो त्वचेच्या निकट स्पर्शानें पतीकडून पत्नीस व पत्नीकडून पतीस होऊं शकतो. त्याविषयीं स्पष्ट लिहिणें आम्हांस कर्तव्य वाटतें.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० सालीं १५ ते ४९ वयाच्या सुमारें ५२ कोटी लोकांच्या शरीरांत गुह्यांगाच्या हर्पिसास मुख्यतः कारण होणारा विषाणू होता. त्यांतील बहुतेकांस त्याची जाणीवही नसते. हा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशीं दडून राहतो आणि कित्येकदां वर्षें लोटल्यावर प्रथम प्रकट होतो. तेव्हां फोड आज दिसला म्हणून संसर्ग आजचाच, असें सिद्ध होत नाहीं. एवढ्यावरून सुनेस माहेरीं धाडणें किंवा मुलाच्या शीलावर बोट ठेवणें हा उघड अन्याय होय.

मग जपावें कसें? फोड असतांना, किंवा तत्पूर्वीं त्या जागीं आग वा झिणझिण्या जाणवूं लागल्यापासून त्वचा पूर्ण भरून येईपर्यंत, समागम वर्ज्य करावा. फोड नसतांनाही विषाणू कधीं कधीं त्वचेवर येतो. म्हणून एरवीं निरोध वापरावा. त्यानें धोका कमी होतो, मात्र सर्व त्वचा झांकली जात नसल्यामुळें तो नाहींसा होत नाहीं. तिसरा उपाय औषधाचा. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या १४८४ जोडप्यांच्या अभ्यासांत, बाधित जोडीदारानें रोज व्हॅलासायक्लोविर घेतल्यानें दुसऱ्यास संसर्ग होण्याचा धोका जवळजवळ निम्मा झाला. औषध अर्थातच वैद्यकीय सल्ल्यानें घ्यावें. त्यानें रोग समूळ जात नाहीं, परंतु काबूंत राहतो.

गर्भवतीनें ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवूं नये. शेवटच्या तीन महिन्यांत नव्यानें झालेला संसर्ग नवजात बालकाच्या जिवावर बेतूं शकतो. ओठांवर फोड आलेल्या आजी-आत्यांनींही तान्ह्या बाळाचा मुका घेऊं नये. मात्र गुह्यांगाचा हर्पिस ताट-वाटीनें किंवा शौचकूपानें पसरत नाहीं. रोग्यास घरांत वेगळें बसविण्याचें कांहीं कारण नाहीं.

शासकीय रुग्णालयांतील 'सुरक्षा क्लिनिक'मध्यें ह्या रोगांवर विनामूल्य व गुप्तता राखून उपचार होतात. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' काढून असे विषय मराठींत उघडपणें मांडले, आणि त्यापायीं खटले सोसले. आज पतिपत्नींस एकमेकांशीं खरें बोलण्यापुरतें तरी धैर्य दाखवितां येऊं नये काय? जोडीदारास वेळेवर सांगणें हें संसर्ग टाळण्याचें पहिलें पाऊल आहे, आणि तें ऐकून घेतांना संशयास थारा न देणें हें दुसरें.